बीडची भीड

आण्णा बँकेत एफडी करायला गेले आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले.

मार्च 2025 ची गोष्ट. भाव वाढेल म्हणून घरात दाबून ठेवलेला कापूस, भाव वाढत नाही अशी खात्री पटल्यावर त्यांनी विकला होता आणि त्यातले एक लाख रुपये 'हात लावायचा नाही' या बोलीवर बाजूला काढले होते. घड्याळाच्या तबकडीवर एक कुटुंब होतं. आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. चौघंही असे हसत होते की त्यांच्या घरात कुणी कापूस लावत नसणार हे लांबून कळत होतं.

"आन् पावती?" आईनं विचारलं.

"पोस्टानं येणाराय."

"एफडीची पावती पोस्टानं?" मी विचारलं.

"आता समदं बदललंय. तू शाळंत असतोस, तुला बँकंतलं काय कळतंय?"

मी वडवणीत शिक्षक आहे. दर 24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनाचं भाषण माझ्याच गळ्यात पडतं. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याला त्या तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, 2019 ला नवा कायदा आला, तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, ग्राहक हा राजा आहे, हे सगळं मी झोपेत म्हणू शकतो. आठवी ब चे विद्यार्थी ते झोपेत ऐकूही शकतात. त्या दिवशी राजाचा बाप दहा वर्षांचा करार करून आला होता आणि राजा घड्याळात सेल घालत होता.

आण्णा भोळे आहेत असा समज कुणी करून घेऊ नये. नेकनूरच्या बैलबाजारात त्यांनी निम्मं आयुष्य काढलंय. बैलाचे दात बघायचे, चार पावलं चालवून बघायचा, डोळ्यासमोर हात नेऊन बिचकतो का ते बघायचं आणि मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा, तोही असा की शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागू नये. खताच्या दुकानात पक्की पावती घेतल्याशिवाय ते पोत्याला हात लावत नाहीत. पण बँकेवर त्यांचा विश्वास होता आणि त्याला कारण होतं. आमच्या जिल्ह्यात 'मल्टिस्टेट' हा शब्द आता शिवीसारखा उच्चारतात. जादा व्याजाच्या आशेनं लोकांनी असल्या पतसंस्थांत ठेवी ठेवल्या, एके दिवशी शटर खाली आलं आणि बायाबापड्या बंद शटरपुढं बसून राहिल्या. सोयऱ्यांत दोन घरं अशी आहेत की तिथं जेवायला गेल्यावर 'व्याज' हा शब्द काढायचा नसतो. तेव्हापासून आण्णांचं ठरलेलं, पैसा ठेवायचा तर दारात बंदूकवाला असलेल्या बँकेत. बंदूकवाला त्या दिवशीही होता. पण तो बाहेरून आत येणाऱ्यांवर नजर ठेवतो. आत बसलेल्यांवर नाही.

आत एक तरुण बसला होता. गळ्यात टाय, आणि टेबल थेट मॅनेजरच्या काचेला लागून. असा माणूस पुष्कळदा बँकेचा नसतोच, विमा कंपनीचा असतो. बँक कंपनीचा विमा विकते, त्यावर कमिशन घेते, हा सगळा रीतसर धंदा आहे. पण तसं टायवर लिहिलेलं नसतं. आण्णांच्या हिशेबानं बँकेत बसलेला तो बँकवाला आणि उभा असलेला तो गिऱ्हाईक.

"मामा, एफडीत काय राहिलंय आता?" त्यानं सुरुवात केली. "त्याच्यापेक्षा भारी देतो. एफडीच समजा, वरून विमा फुकट."

मग त्यानं गाव विचारलं. आण्णांनी मूळ गाव सांगितलं. तो खुर्चीतून अर्धा उठला. "म्हणजे आमच्या आत्याच्या गावचे की तुम्ही!" आत्या निघाली, आत्याचं मारुतीच्या देवळामागचं घर निघालं, आत्याचा सासरा आण्णांच्या बरोबर दिंडीला जायचा हेही निघालं. चहा आला. आतापर्यंत जो 'साहेब' होता तो 'आपलं पोरगं' झाला आणि बोलण्यापुरते 'मामा' होते ते खरोखरचे मामा झाले. लग्न इथंच लागलं. पुढच्या सोळा सह्या म्हणजे नुसत्या अक्षता.

भीड या विषयावर आमच्या जिल्ह्याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. नाव बीड, कारभार भिडेचा. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आम्ही लहानपणी पाटीवर गिरवली, पण बहीण म्हणल्यावर तिला घराबाहेर काढायची कशी? 'नाही' हा शब्द आमच्याकडं माणसाच्या तोंडावर बोलत नाहीत. 'बघू', 'घरी विचारतो', 'पंचमी होऊ द्या', 'कापूस गेल्यावर बोलू' हे सगळे नकारच, आणि ऐकणाऱ्यालाही ते नकार म्हणूनच ऐकू येतात. मुलगी बघून गेलेले पाहुणे 'कळवतो' म्हणाले की मुलीचा बाप त्याच संध्याकाळी दुसऱ्या स्थळाची चौकशी सुरू करतो. कुणाचं मन दुखत नाही, कुणाचं लग्नही होत नाही, असा हा सुंदर बंदोबस्त आहे. विकणाऱ्या पोरांना मात्र कंपन्यांनी नेमक्या याच भाषेचं प्रशिक्षण दिलंय असा माझा संशय आहे. आण्णा म्हणाले, "घरी विचारतो." तो म्हणाला, "विचारा की, फोन लावून देऊ?" आण्णा म्हणाले, "कापूस गेल्यावर बघू." तो म्हणाला, "गेलाय की मामा. खात्यावर दिसतोय."

यावर कुणाजवळ काय उत्तर असणार?

वडवणीला विकणारे काही नवीन नाहीत. बीडहून परळीला जाताना लागणारं हे तालुक्याचं गाव. इथं पाण्याची मशीन विकणारे येतात, चुंबकाची गादी विकणारे येतात, एका महिन्यात गुडघे नवे करून देणारे येतात. थेट विक्रीबाबत सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये नियम केलेत. त्यात असं आहे की अशा विक्रेत्यानं ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा परवानगी यांच्याशिवाय ग्राहकाच्या दारात जायचं नाही. नियम चांगला आहे. पण आमच्याकडं वेळ घेऊन सोयरेसुद्धा येत नाहीत, मग गादीवाला कशाला घेईल? प्लॉटवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. अहिल्यानगर-बीड-परळी ही 261 किलोमीटरची रेल्वे नव्वदच्या दशकात मंजूर झाली आणि बीडपर्यंत पहिली गाडी 17 सप्टेंबर 2025 ला आली. वडवणीचा नंबर त्याच्या पुढचा. 'नियोजित स्टेशनपासून पाच मिनिटांवर' या वाक्यावर मधल्या काळात किती गुंठे विकले गेले असतील! पाच मिनिटं कोणत्या वाहनानं हे कुणी विचारलं नाही. विचारणार कसं, प्लॉटवाल्यानं चहा पाजलेला असतो.

तर सोळा सह्या झाल्या. फॉर्म पोरानं भरला, "मामा, तुम्ही कशाला तरास घेता" म्हणत. मी तो नंतर वाचला. त्यात माझे वडील साडेपाच फुटांचे सहा फूट झाले होते. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यातला आकडा वाचून मला पहिल्यांदाच आपण श्रीमंताघरचे असल्याचा भास झाला. तंबाखूपुढं 'नाही' लिहिलं होतं. ही सही करताना आण्णांच्या गालात तंबाखू होती, हे मी पैजेवर सांगतो. ही चूक हसण्यावारी न्यायची नसते. फॉर्ममध्ये खोटं निघालं तर कंपनी दावा नाकारू शकते. विमा कायद्याच्या 45 व्या कलमाप्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाली की मग तिला कंपनीला आव्हान देता येत नाही. म्हणजे आण्णांनी तीन वर्षं तरी मरायचं नाही, अशी एक न सांगितलेली अटही त्या चहाबरोबर आली होती.

दोन दिवसांनी फोन आला. पोरानं आधीच पढवून ठेवलं होतं, "मामा, बाई बोलंल. काही विचारलं तरी हो म्हणायचं. मधी बोलायचं नाही, नाहीतर फाईल अडकंल." आण्णांनी ओसरीवर उभं राहून फोन घेतला. पॉलिसीच्या सर्व अटी समजल्या का? हो. हप्ता दरवर्षी दहा वर्षं भरायचा आहे, माहीत आहे का? हो. ही मुदत ठेव नाही, हे समजलं का? हो. कोणतं आमिष दाखवलं नाही ना? हो. आमिष दाखवलं नाही याला 'हो' म्हणजे काय याचा उलगडा त्या बाईंना झाला की नाही कोण जाणे, पण त्यांनी धन्यवाद दिले. आईनं आतून विचारलं, "कुणाचा फोन?" आण्णा म्हणाले, "हो."

2 एप्रिलला पोस्टमन जाडजूड पाकीट देऊन गेला. गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरं. आईनं वजन बघितलं, सोनेरी अक्षरं बघितली आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवलं. लगीनसराईत आमच्या घरी दिवसाला तीन पत्रिका येतात, त्यात ही थोडी थोरामोठ्याच्या घरची दिसली एवढंच. पंचवीस दिवस ती पॉलिसी चि. सौ. कां. आणि चि. यांच्या मध्ये पडून होती. 27 एप्रिलच्या रविवारी एका लग्नाची तिथी बघायला मी गठ्ठा सोडला आणि मला आण्णांचं नाव इंग्रजीत दिसलं.

चाळीसेक पानं होती. दहा वर्षं दरसाल एक लाख. मग पाच वर्षं नुसतं थांबायचं. मग मिळायचं ते मिळणार. आण्णा अठ्ठावन्न वर्षांचे, म्हणजे हिशोब त्र्याहत्तराव्या वर्षी. कोरडवाहू सहा एकरांवर दरसाल एक लाख कसा भरायचा, हे चाळीस पानांत कुठं नव्हतं.

"दहा वर्षं?" आण्णा घड्याळाकडं बघत म्हणाले. "तो तर म्हणला एकदाच भरायचं."

"मग आता काय करायचं?"

"काय करायचं? सही केली ती केली."

हे वाक्य आण्णांनी ज्या आवाजात म्हणलं तो मला ओळखीचा आहे. आमच्या भागातल्या पुष्कळांना आयुष्यात एकच करार ठाऊक असतो, तो म्हणजे ऊसतोडीच्या मुकादमाची उचल. आण्णांनीही तरणेपणी तीन हंगाम कोयता चालवलाय. नवरा-बायको मिळून एक कोयता, पावसाळ्यात घेतलेली उचल, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, आणि फडात घाम गाळून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी अंगावर घेऊन पुढच्या साली परत. त्या कराराला परतीची मुदत नसते. पैसे हातात पडून खर्च झालेले असतात आणि आजारपण, बाळंतपण, पाऊस, यातलं काहीही मुकादमाला सांगून उपयोग नसतो. त्या शाळेत शिकलेल्या माणसाला 'करार मोडता येतो' हे पटवणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवतो हे पटवणं.

मी रात्री पान न् पान वाचत बसलो आणि पॉलिसीला वरून जोडलेल्या पत्रात ते सापडलं. इंग्रजीत त्याला 'फ्री लुक पीरियड' म्हणतात. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत वाचून बघा, अटी पटल्या नाहीत तर परत करा. पूर्वी ही मुदत साधारण 15 दिवसांची होती, विमा नियामकानं 1 एप्रिल 2024 पासून सरसकट 30 केली. पैसे परत करताना कंपनी कापणार ते एवढंच, तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा खर्च, वैद्यकीय तपासणी केली असेल तर तिचा, आणि मुद्रांक शुल्क.

आण्णांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. "फुकट बघायचं? कंपनी कशाला देईल फुकट बघायला?"

तेव्हा मला बैल आठवला.

"आण्णा, खिल्लारी जोडीतला तो उजवा बैल आठवतो? नांगराला जुंपला की खाली बसायचा?"

"आठवतो की. पाच दिवसांत परत केला."

"कसा काय? सौदा झाला होता, इसार दिला होता."

"बोली होती ना तशी! खोड निघाली तर परत. घरी नेऊन जुंपून बघितल्याशिवाय बैलाची खोड कळती का कुठं?"

"मग?"

आण्णा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. तंबाखू मळली, उजव्या हातानं थापटली, तोंडात टाकली. पॉलिसी उचलून तिचं पहिलं पान उघडलं, शेवटचं उघडलं, जणू दात बघतायत. मग म्हणाले, "बसका निघाला म्हण की."

मला वाटतं विमा नियामकाचं ते अख्खं परिपत्रक महाराष्ट्रात या चार शब्दांत छापायला हरकत नाही.

शहाणपणाची ही गोष्ट आपल्याकडं प्रत्येक सौद्याला मात्र लागू नाही. युरोपात दारावर किंवा ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू 14 दिवसांत कारण न देता परत करता येतात. अमेरिकेत दारावरच्या विक्रीला तीन दिवसांची मुदत आहे. कारण तिकडंही तेच, दारात आलेल्या माणसाला घालवून द्यायला गोऱ्या माणसालासुद्धा जमत नाही. म्हणजे भीड ही काही फक्त बीडची मक्तेदारी नाही, तिकडं तिच्यावर कायदा केला, आम्ही म्हण केली. आपल्याकडं 1872 चा करार कायदा आहे. खोटं सांगून संमती घेतली तर करार रद्द करता येतो, असं तो म्हणतो. पण लगेच पुढं एक शेपूट आहे, साधी खबरदारी घेऊन तुम्हाला खरं कळण्यासारखं असेल तर काही प्रकारांत ही सवलत नाही. थोडक्यात, कोर्टही शेवटी आईसारखंच विचारतं, "डोळे कुठं होते तवा?" हा कायदा झाला तेव्हा आमचं बीड निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळं त्याचा दोष तरी आमच्या आजोबांना देता येत नाही.

आणखी एक गंमत. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानदारांच्या 13 चलाख्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. त्यातली एक म्हणजे 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं. बटणावर 'नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही' असं लिहिलेलं असतं ना, ते. म्हणजे पडद्यावर भीड घातली तर ती बेकायदा. टेबलासमोर चहा पाजून घातली तर तो पाहुणचार.

सोमवारी, 28 एप्रिलला, आम्ही बँकेत गेलो. आण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. सौदा करायला जाताना ते मळकं नेसतात, मोडायला जाताना धुतलेलं. यामागचं शास्त्र मला माहीत नाही. पोरगं आम्हाला बघून उठून उभं राहिलं.

"या मामा! आत्या विचारत होती तुमचं."

झालं. आण्णांचा चेहरा मऊ पडला. मी विषय काढला तसा पोराचा मात्र घट्ट झाला. कॅन्सल केली तर निम्मे पैसे जातील, म्हणाला. मी नियम दाखवला. मग म्हणाला, मोठ्या साहेबांची सही लागंल, ते बीडला. मग म्हणाला, सिस्टीम डाऊन आहे. मग आवाज खाली आणून आण्णांना म्हणाला, "मामा, मार्चचं टार्गेट तुमच्यामुळं झालं व्हतं. आता रद्द झालं तर माझ्या अंगावर येतंय."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "उद्या येतो," ते म्हणाले. हे कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही, पण आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर मी चिडलो. आण्णा म्हणाले, "पोराचं बी पोट आहे."

"आपलं नाही का?"

"आपलं भरलंय सकाळी."

मंगळवारी पोरगं मीटिंगला गेलं होतं. पाकीट आलेला दिवस धरून मी मनात तीस दिवस मोजत होतो. 1 मे ला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणजे हातात राहिला एकच दिवस, बुधवार, 30 एप्रिल. त्या दिवशी अक्षय्यतृतीया. आमच्याकडं विमा म्हणलं की लोकांना आधी पीकविमा आठवतो. 2023 च्या खरिपापासून दोन वर्षं तो एक रुपयात होता, आणि नुकसान झालं की 72 तासांत कळवायचं हे पोराटोरांनाही पाठ झालेलं. 72 तासांची घाई पाठ असलेल्या घरात 30 पैकी पंचवीस दिवस मात्र लग्नपत्रिकांत निघून गेले होते.

बुधवारी नैवेद्य झाला आणि आईनं डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं, "ते कागद कुठायत?"

आईला भीड नाही असं नाही. पण ती बाजारात भाजीवाल्याच्या टोपलीत वांगी परत टाकते. किडकं निघालेलं एक वांगं घेऊन दुसऱ्या बाजारी त्याच भाजीवाल्यापुढं उभी राहते आणि ते दाखवून बदल्यात दोन घेते. ती चौथी पास आहे. तेवढी पुरते.

त्या दिवशी अख्खं गाव मुहूर्तावर सोनं घेत होतं आणि माझी आई पॉलिसी परत करायला चालली होती. पिशवीत पॉलिसी, आण्णांच्या खात्याचा रद्द केलेला चेक, आणि भिंतीवरून काढलेलं घड्याळ.

फॉर्ममध्ये 'रद्द करण्याचं कारण' असा रकाना होता. मी रात्रीच मसुदा तयार केला होता, दिशाभूल, अनुचित व्यापारी प्रथा, कलमासकट. आण्णा म्हणाले, "असं नको. पोराची नोकरी जाईल. 'घरगुती अडचणीमुळं' लिही." शिक्षकी पेशात मी रजेच्या अर्जांत हे कारण हजारदा वाचलंय. या दोन शब्दांनी महाराष्ट्रात कितीतरी खोट्या गोष्टी झाकल्या आहेत, पण फसवणाऱ्याची लबाडी झाकायला फसलेल्यानं ते वापरलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. आमचा बापलेकांचा वाद बँकेतच सुरू झाला. लाईनीतले लोक वळून बघायला लागले. शेवटी आईनं पेन माझ्या हातातून घेतलं नाही, पण मला दिसेल असं बोट रकान्यावर ठेवून सांगितलं, "लिही. एफडी मागितली. हे दिलं. नको."

मी लिहिलं. ग्राहक दिनाच्या माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा ते मुद्देसूद होतं.

मग पोच. हा शब्द प्रत्येक ग्राहकानं गोंदवून घ्यावा. कागद दिला आणि पोच घेतली नाही तर तुम्ही बँकेत फक्त सावलीला बसायला गेला होता. पोरगं म्हणालं, पोच उद्या देतो. मी म्हणालो, मग मी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, इथूनच फोन लावतो. आई म्हणाली, "लाव लाव, आत्यालाही लाव." शिक्का उमटला, तारखेसकट. ई-मेलही मी तिथूनच कंपनीला केला. मुदत टळली असती तर रस्ते होतेच. विमा लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, आणि आपण जिथं राहतो तिथंच दावा करता येतो. पण ते सगळे लांबचे रस्ते, आणि लांबच्या रस्त्यांचा आम्हाला रेल्वेपासून अनुभव आहे.

घड्याळ मात्र बँकेनं घेतलं नाही. आईनं ते टेबलावर ठेवलं. पोरगं म्हणालं, हे गिफ्ट आहे, परत घ्यायची पद्धत नाही. आई म्हणाली, पॉलिसी गेली तर घड्याळ कशाचं? मॅनेजर काचेमागून बाहेर आले. त्यांनी घड्याळ बघितलं, आईला बघितलं, आणि हात जोडून म्हणाले, "राहू द्या, ताई." भिडेचा हा एकच प्रयोग आमच्या बाजूनं झालेला मी पाहिलाय.

पैसे परत करायला कंपनीला सात दिवसांची मुदत असते. सहाव्या दिवशी मेसेज आला. लाखातून थोडी रक्कम कापलेली होती. आण्णांनी तपशील विचारला. मी सांगितलं, मुद्रांक शुल्क, आणि मधल्या दिवसांच्या जोखमीचे.

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्या दिवसांत तुम्ही गेला असता तर कंपनीला पैसे द्यावे लागले असते. त्या भीतीचे."

"आन् मी गेलो नाही, त्याचं काही कापलंय का?"

"तेच कापलंय."

आण्णांना हे भाडं फार महाग वाटलं. जगायचं ते आपण आपल्या खर्चानं जगलो, असं त्यांचं म्हणणं. पण बैल परत करतानाही पाच दिवसांची वैरण आपली जाते, हे त्यांनी मान्य केलं.

जूनमध्ये आत्याच्या घरच्या लग्नात पोरगं भेटलं. पंगतीत आण्णा बुंदी वाढत होते. त्याच्या पानापाशी आल्यावर झारा थांबला. पोरानं मान खाली घातली. आण्णांनी त्याला बुंदी जास्तच वाढली, आणि हात धुताना त्याला गाठून विचारलं, "टार्गेट झालं का?"

"नाही मामा."

दुसऱ्या दिवशी आण्णा मला न सांगता बँकेत जाऊन आले. संध्याकाळी कळलं. सरकारी अपघात विमा घेतला होता, प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेतला, वर्षाला 20 रुपये हप्ता, दोन लाखांचं संरक्षण. मी हा फॉर्म उलटासुलटा करून तीनदा वाचला. काहीच खोड सापडली नाही.

"पोरगं खूष झालं असंल," मी म्हणालो.

"कशाचं! म्हणला, मामा, हे टार्गेटमधी धरत नाहीत."

"मग?"

"म्हणलं, नसू दे. भिडंत धर."

घड्याळ अजून भिंतीवर आहे. दिवसाला दहा मिनिटं मागं पडतं आणि चौघं तसेच हसतायत.